जुना संगणक, लिनक्स आणि आईची दुपारची मालिका

घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं आणि पैसे भरून घेतलेल्या ऑनलाइन मालिका दिसेनाशा झाल्या, तर सुरुवात कुठून करायची हे मला मराठीत एका जागी कुठे सापडलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालेलं आमचं हे प्रकरण जानेवारीत मार्गी लागलं. मधल्या काळात जे कळलं, जे करावं लागलं आणि जो खर्च आला तो सगळा इथे लिहून ठेवते आहे. मी संगणक क्षेत्रातली नाही, शाळेत विज्ञान शिकवते. त्यामुळे माझ्यासारख्या माणसाला जे जमलं ते बहुतेकांना जमेल असं मला वाटतं.

आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो. आईच्या खोलीत २०१४ साली घेतलेला संगणक आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, आणि मॉनिटरऐवजी भिंतीवरचा ३२ इंची टीव्ही. आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. मोबाइलवर तिला काही बघवत नाही आणि रात्री नऊला तिचे डोळे मिटतात. म्हणून रात्री लागणारा भाग ती दुसऱ्या दिवशी, जेवण उरकल्यावर दुपारी बघते. तिच्या दिवसातला तो एक ठरलेला तास आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षा अपडेट थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही. नावनोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदतवाढ मिळत होती, पण वर्षाने हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता. नवीन संगणकाला तीस हजारांच्या पुढे खर्च. काही जण विचारतील की टीव्हीला लावायची चार हजारांची स्टिक का नाही घेतली. फक्त मालिकाच बघायच्या असतील तर स्टिक घ्यावी, ती सोपी आहे. पण आमच्या या संगणकावर घरातले सगळे फोटो आहेत, आईचे बँकेचे कागद आहेत, तिचं ई-पुस्तकांचं वाचन आहे. यंत्र धडधाकट होतं. ते भंगारात द्यायला मन घेईना.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. गर्दी इतकी की गाडी लावायलाच अर्धा तास गेला. दुकानदार म्हणाला, "ताई, हा डबा काऊन जपून राहिल्या? एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." त्याला समजावून २५६ जीबीची एसएसडी घेतली, १,७०० रुपये. एचडीएमआयची लांब वायर ३५० रुपये. पेन ड्राइव्ह घरात होता. सुरुवातीचा एकूण खर्च इतकाच. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली की दहा वर्षांच्या यंत्रातही जीव येतो, त्यामुळे हे १,७०० रुपये वाचवू नका.

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंट २२.२ निवडलं. त्याचे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत आणि विंडोजची सवय असलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. डाउनलोड सुमारे तीन जीबीचं आहे. ते पेन ड्राइव्हवर चढवलं की संगणकातलं काहीही न पुसता थेट पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं. त्या चाचणीतच आपण पैसे भरलेली प्रत्येक सेवा उघडून बघा. वाय-फाय लागतो का, आवाज टीव्हीतून येतो का हेही तिथेच कळतं. पुढे मी ज्यांना ज्यांना मदत केली त्यांच्याकडून हे आधी करून घेतलं. इन्स्टॉल करताना 'मल्टिमीडिया कोडेक' अशी एक चौकट दिसते (कोडेक म्हणजे व्हिडिओ आणि आवाज उलगडणारा भाग), तिथे खूण करा. ती राहिली तर बरेच व्हिडिओ लागतच नाहीत आणि आपण उगाच दुसरीकडे कारण शोधत बसतो.

धनत्रयोदशीपर्यंत सगळं बसलं होतं. यूट्यूब चाललं, सह्याद्री वाहिनी लागली, आईने अर्धा तास अभंग ऐकले. मग तिची मालिका लावली. पडदा काळा.

इथून पुढचं जरा सावकाश सांगते, कारण इथेच बहुतेक लोक लिनक्स काढून टाकतात.

मालिका न दिसण्याची कारणं एकावर एक रचलेली असतात आणि ती खालून वर तपासावी लागतात. सगळ्यात खाली कोडेक. कुठलाही मोफत व्हिडिओ लागत असेल तर तिथे अडचण नाही. त्याच्या वर डीआरएम, म्हणजे चित्र कुलूपबंद करून पाठवायचं आणि किल्ली फक्त ओळखीच्या प्लेअरला द्यायची अशी व्यवस्था. ब्राउझरमध्ये यासाठी गूगलचा वाइडवाइन नावाचा भाग असतो. लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये तो सुरुवातीला बंद असतो. सेटिंगमध्ये 'जनरल' विभागात खाली 'प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट' असं आहे, तिथे खूण करायची आणि मिनिटभर थांबायचं, कारण तो भाग तेव्हा डाउनलोड होतो. क्रोममध्ये तो आधीपासून असतो. मिंटच्या सॉफ्टवेअर-भांडारातून मिळणाऱ्या क्रोमियम या ब्राउझरमध्ये मात्र नसतो. क्रोम आणि क्रोमियम सारखे दिसतात म्हणून हे मुद्दाम सांगते.

खूण केली आणि आमच्या दोन सेवांपैकी एक लगेच सुरू झाली. दुसरीवर, जिथे आईची मालिका आहे, काळ्या पडद्याच्या जागी आता एक ओळ आली: हे उपकरण समर्थित नाही. त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण असा अनुभव इतर कुठल्याही सेवेवर येऊ शकतो.

शेजारचा मुलगा तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने येऊन बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे चालू शकते. फक्त तुम्ही विंडोजवाल्या नाही म्हणून थांबवून राहिले." ब्राउझर प्रत्येक साइटला आपली ओळख पाठवतो, मी अमुक ब्राउझर, तमुक ऑपरेटिंग सिस्टीमवर. त्याला यूझर एजंट म्हणतात. त्याने एक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम टाकून त्या एका साइटपुरती ओळख 'विंडोजवरचा क्रोम' अशी केली. पान पुन्हा उघडलं आणि मालिका सुरू. चित्र, आवाज, मराठी उपशीर्षकं, सगळं व्यवस्थित. यात कुलूप तुटत नाही, किल्ली वाइडवाइनकडूनच येते. ब्राउझर फक्त आपलं नाव दुसरं सांगतो.

आई खूश झाली. मला मात्र त्या रात्री झोप येईना. यंत्र सक्षम आहे, वर्षाचे पैसे भरलेले आहेत, कुलूप उघडतंय, आणि तरी दारावरून परत पाठवायचं कारण काय तर आपण दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम वापरतो. वर्गणी घेताना त्यांच्या पानावर 'कुठल्याही वेब ब्राउझरवर बघा' असं लिहिलेलं होतं. राग त्याचा होता.

दुसऱ्या दिवशी ग्राहक सेवेच्या चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, विंडोज किंवा मॅक वापरा. मी कारण विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की लिनक्सवर बघणारे ग्राहक नगण्य आहेत. नगण्य हे कसं मोजलं, या प्रश्नावर चॅट बंद झाला.

हा मोजण्याचा प्रश्न जुना आहे. बीबीसीने २००७ साली आयप्लेअर ही मागणीनुसार कार्यक्रम दाखवणारी सेवा आणली तेव्हा सुरुवातीला ती फक्त विंडोजवर चालत होती. तिथे टीव्ही परवान्याची फी सगळेच भरतात, मग कार्यक्रम फक्त विंडोजवाल्यांनाच का, असा आवाज उठला. ब्रिटिश पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या साइटवरच्या मागणीपत्रावर सोळा हजारांवर सह्या झाल्या. बीबीसीवर देखरेख ठेवणाऱ्या बीबीसी ट्रस्टने आधीच अट घातली होती की सेवा सगळ्या प्रकारच्या संगणकांवर न्यावी लागेल आणि दर सहा महिन्यांनी त्याचा आढावा घेतला जाईल. त्या वेळी बीबीसीच्या नव्या माध्यमांचे प्रमुख ॲशले हायफिल्ड यांनी सांगितलं की त्यांच्या साइटवर येणारे लिनक्सवाले ४०० ते ६०० असतील. टीका झाल्यावर त्यांनी आकडा दुरुस्त केला. मोजण्याच्या पद्धतीनुसार तो ३६,६०० ते ९७,६०० निघाला. डिसेंबर २००७ मध्ये ब्राउझरमध्ये थेट बघता येणारी आवृत्ती आली आणि ती लिनक्सवरही चालू लागली.

हे वाचल्यावर मला आमच्या घरातली गोष्ट उमगली. आईचा संगणक विंडोजचा वेष घालून जातो तेव्हा कंपनीच्या नोंदीत विंडोजचा एक ग्राहक वाढतो आणि लिनक्सचा एक कमी होतो. असा वेष घेणारे जितके जास्त, तितके आपण नगण्य. म्हणजे ती युक्ती वापरून गप्प बसलं, तर पुढच्या माणसासाठी दार आणखी घट्ट बंद होतं. आईची दुपार मोडायची नव्हती म्हणून वेष तेवढ्यापुरता राहू दिला. पण दर रविवारी मी तो काढून खऱ्या ओळखीने साइट उघडायची आणि जी सूचना येईल तिचं तारखेसह छायाचित्र ठेवायची असं ठरवलं. आणि लेखी तक्रार करायची.

तक्रारीआधी थोडा अभ्यास केला. कंपनीचं संभाव्य उत्तर 'लिनक्सवर डीआरएम सुरक्षित नाही' असं असणार होतं. त्यात थोडं तथ्य आहे. वाइडवाइनचे स्तर असतात. एल१ मध्ये किल्लीचं काम चिपमधल्या राखीव, सुरक्षित भागात होतं, जसं प्रमाणित अँड्रॉइड टीव्हीत. एल३ मध्ये ते सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं, आणि लिनक्सवरच्या ब्राउझरला एल३ च मिळतो. म्हणून बऱ्याच सेवा लिनक्सवर चित्राचा दर्जा कमी ठेवतात, कुणी ७२०पी, कुणी ४८०पी. हे मला मान्य आहे. दर्जा कमी देणं एक आणि दारच बंद करणं वेगळं. नेटफ्लिक्स ऑक्टोबर २०१४ पासून लिनक्सवरच्या क्रोममध्ये चालतं. डिझ्नी प्लस नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं तेव्हा लिनक्सवाल्यांना 'एरर ८३' येत होता, तोही थोड्याच काळात दुरुस्त झाला. ब्राउझरमधल्या डीआरएमचं मानक डब्ल्यू३सीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, सप्टेंबर २०१७ मध्ये मंजूर केलं. त्याला मोठा विरोध झाला होता, डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने तर त्या कारणाने डब्ल्यू३सीचं सदस्यत्व सोडलं. पण त्या मानकाचा एक उपयोग असा की कुठल्याही ब्राउझरमध्ये एकाच पद्धतीने किल्ली मागता येते. मग आता ऑपरेटिंग सिस्टीमचं नाव बघून अडवायला तांत्रिक आधार उरत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे प्रत्येक ऑनलाइन सेवेला अशा अधिकाऱ्याचं नाव, पद आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. बहुधा तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतो. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असा नियम आहे. ईमेल छोटा ठेवला. वर्गणीची पावती, 'कुठल्याही वेब ब्राउझरवर' या दाव्याचं छायाचित्र, खऱ्या ओळखीने आलेल्या सूचनेचं छायाचित्र, ब्राउझर आणि मिंटची आवृत्ती, आणि ओळख बदलल्यावर हेच यंत्र हीच मालिका दाखवतं हे सांगणारी दोन वाक्यं. शेवटी मागणी एकच, लिनक्सवरची अडवणूक काढा, दर्जा कमी दिला तरी चालेल. मागणी स्पष्ट लिहिणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर समोरचा आपल्या सोयीचा तोडगा देतो.

पोच वेळेत आली. नंतर दहा-बारा दिवसांनी उत्तर आलं की उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करतो. आई म्हणाली, "घेऊन टाक नं बेटा, कशाला डोकं लावून राहिली." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, शाळेत सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासणं चालू होतं आणि रोज रात्री ईमेल उघडून बघण्याचा मलाही थकवा आला होता. पण पैसे घेतले असते तर मालिका गेली असती, आणि मला मालिकाच हवी होती. मी नम्रपणे नकार कळवला आणि मूळ मागणी पुन्हा लिहिली. त्यानंतर काहीच उत्तर नाही.

महिना उलटल्यावर, डिसेंबरात, नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. हा फोन निःशुल्क आहे, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून रोज सकाळी ८ ते रात्री ८ लागतो, आणि मराठीत बोलता येतं. मी दुपारी केला होता, बराच वेळ थांबावं लागलं. सकाळी साडेआठला केलेला दुसरा फोन लगेच लागला, तेव्हा सकाळीच करा. पलीकडच्या बाईंनी लिनक्स म्हणजे काय हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "म्हणजे पैसे घेतले पण तुमच्या घरच्या संगणकावर सेवा देत नाहीत, असंच ना?" मी हो म्हटलं. तेच वाक्य तक्रारीचा मथळा झालं. डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक मिळाला, कागदपत्रं पोर्टलवर चढवली. ही हेल्पलाइन न्यायालय नाही. दावा दाखल होण्याआधी कंपनी आणि ग्राहक यांच्यात मार्ग काढणं हे तिचं काम. कंपनी त्यांच्या भागीदार यादीत असेल तर तक्रार थेट तिच्याकडे जाते.

वाट बघण्याच्या या दिवसांत घरातले आणि बाहेरचे सल्ले देत होते की टेलिग्रामवरून भाग उतरवून घे. ते मी केलं नाही आणि कुणी करू नये असं मला मनापासून वाटतं. पडद्यामागे शेकडो माणसं काम करतात, त्यांचं पोट त्यावर आहे. शिवाय कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५अ नुसार हक्क मोडण्याच्या हेतूने डीआरएमचं कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आपली मागणी बरोबर असताना आपली बाजू कशाला कच्ची करायची?

हेल्पलाइनने काही झालं नसतं तर पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची होती. तीही मी वाचून ठेवली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असो की बंगळुरूची, आपण नागपुरात करू शकतो. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर फी नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते.

तिथवर जावं लागलं नाही. नाताळच्या सुट्टीत कंपनीच्या तांत्रिक विभागाकडून पहिल्यांदा माणसाने लिहिलेला वाटावा असा ईमेल आला. ब्राउझरची आवृत्ती, वाइडवाइनची आवृत्ती आणि कन्सोलमधली (ब्राउझर आपल्या चुका जिथे लिहून ठेवतो तिथली) नोंद मागितली होती. वाइडवाइनची आवृत्ती फायरफॉक्समध्ये ॲड-ऑन्सच्या पानावर 'प्लगइन्स' खाली दिसते. कन्सोलची नोंद शेजारच्या मुलाने काढून दिली. संक्रांतीनंतरच्या रविवारी नेहमीप्रमाणे वेष काढून साइट उघडली तर सूचना आलीच नाही, थेट मालिकेचं पान आलं आणि भाग सुरू झाला. मी दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघितलं, तिथेही सुरू. एक्स्टेंशन काढून टाकलं. आईला हाक मारली तर ती म्हणाली, "हे तर रोजच लागते." तिला फरक कळायचं कारणच नव्हतं. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन आधी चहा टाकला.

बदल का केला, किती लोकांनी मागितला होता, हे कंपनीने कळवलं नाही. तक्रार बंद करताना फक्त 'समस्या सोडवली' असं लिहिलं. हेल्पलाइनकडून समाधानी आहात का असं विचारणारा निरोप आला, त्याला मी हो कळवलं आणि हे लिनक्सवरचं आहे हे पुन्हा लिहिलं, म्हणजे निदान त्यांच्या नोंदीत तरी तो शब्द राहील.

आता चित्र ७२०पीच्या वर जात नाही. ३२ इंची टीव्हीवर आईला ते पुरतं. मोठा टीव्ही असणाऱ्यांना खटकेल, त्यांनी हे धरून चालावं. डीआरएमचं चित्र सॉफ्टवेअरमध्ये उलगडलं जात असल्याने जुन्या प्रोसेसरवर ताण येतो. उन्हाळ्याआधी आतला पंखा आणि धूळ साफ करून घेतली, बर्डीतच, २०० रुपयांत. व्हिडिओ अडखळत असेल तर टीव्हीचं रिफ्रेश, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो दर, ६० हर्ट्झवर आहे ना ते बघा आणि बाकीचे टॅब बंद करा, आमच्याकडे तेवढ्याने भागलं.

फेब्रुवारीत आमच्याच ओळीतल्या निवृत्त शिक्षकांनी त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकून घेतलं. त्यांच्याकडे पेन ड्राइव्हवरूनच सगळ्या सेवा उघडून बघितल्या. त्यांना नवी घ्यायची होती ती सेवा आधी एका महिन्यापुरती घेतली. ती खऱ्या ओळखीने चालली, आणि मग त्यांनी वर्षाचे पैसे भरले.